अब्जाधीशाने पर्यावरणासाठी पैसे दिले, म्हणजे नेमके काय झाले?

फेब्रुवारी २०२०मध्ये ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी हवामानबदलाविरुद्धच्या कामासाठी १० अब्ज डॉलर देण्याचे जाहीर केले. अशी घोषणा झाली की तिच्या दोन आवृत्त्या हमखास फिरू लागतात. एकीत धनिकाने पृथ्वीसाठी एवढे पैसे ‘देऊन टाकलेले’ असतात, तर दुसरीत हे सगळे कर वाचवण्याचे नाटक असते. घोषणेच्या दिवशी यांपैकी एकही विधान सिद्ध करता येत नाही, कारण त्या दिवशी आपल्यासमोर असतो तो फक्त एक जाहीर इरादा. तरीही दोन्ही विधाने ठामपणे केली जातात आणि पुढे अनेक वर्षे तशीच उद्धृत होत राहतात.

दानाचा दावा तपासायचा म्हणजे दाता चांगला की वाईट हे ठरवायचे नसते. कोणती रक्कम, कोणाकडून, कोणाकडे, कधी आणि कोणत्या अटीवर गेली, एवढेच शोधायचे असते. बहुतेक मोठ्या दानांच्या बाबतीत याची उत्तरे बऱ्यापैकी सापडतात, पण प्रत्येक उत्तर वेगळ्या ठिकाणी सापडते. आणि एका प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणून बाकीच्यांचीही उत्तरे मिळाली, असे होत नाही.

आधी दाव्याचे तुकडे करावेत

‘अमुक यांनी जंगलांसाठी एक अब्ज दिले’ या वाक्यात किमान पाच वेगवेगळे दावे दडलेले असू शकतात. रक्कम जाहीर झाली. ती दात्याच्या मालकीतून बाहेर पडली. काम करणाऱ्या संस्थेला ती मिळाली. संस्थेने ती कामावर खर्च केली. आणि त्या कामामुळे जंगल वाचले. धरणात पाणी किती आहे, कालव्यात किती सोडले आणि टेलच्या शेतापर्यंत किती पोचले, ही मोजमापे जशी एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत, तसेच हे आहे. धरण भरल्याची बातमी खरी असते, पण तेवढ्याने टेलचे शेत भिजले असे म्हणता येत नाही.

बेझोस यांच्या निधीतून पहिले मोठे वाटप नोव्हेंबर २०२०मध्ये जाहीर झाले, १६ संस्थांना मिळून ७९ कोटी १० लाख डॉलर. ही रक्कम फार मोठी आहे, पण १० अब्जांच्या आठ टक्क्यांच्या आसपासच आहे. उरलेली रक्कम २०३०पर्यंत वाटायची असे ठरलेले आहे. त्यामुळे ‘बेझोस यांनी १० अब्ज दिले’ हे वाक्य त्या मुदतीपर्यंत एक तर अपुरे असते, नाही तर चुकीचे.

वचन आणि प्रत्यक्ष रक्कम यांत किती अंतर पडू शकते, हे व्हर्जिन उद्योगसमूहाचे संस्थापक रिचर्ड ब्रॅन्सन यांच्या उदाहरणावरून दिसते. सप्टेंबर २००६मध्ये, न्यूयॉर्कला क्लिंटन ग्लोबल इनिशिएटिव्हच्या व्यासपीठावरून, त्यांनी पुढच्या दहा वर्षांतला आपल्या विमान आणि रेल्वे कंपन्यांचा नफा, अंदाजे तीन अब्ज डॉलर, स्वच्छ इंधनाच्या कामी लावण्याचे वचन दिले. २०१४मध्ये कॅनेडियन पत्रकार नाओमी क्लाइन यांनी हिशेब मांडला, तेव्हा प्रत्यक्षात लागलेली रक्कम वचनाच्या एक दशांशाहूनही कमी असल्याचे त्यांनी दाखवले. मात्र यात सहसा सुटून जाणारी एक गोष्ट आहे. मूळ वचनाचा रोख स्वच्छ ऊर्जेच्या व्यवसायांत पैसे गुंतवण्याकडे होता. गुंतवणुकीवर परतावा मिळू शकतो, दानावर मिळत नाही. म्हणजे ‘तीन अब्जांचे दान बुडाले’ असे म्हणणारा टीकाकारही मूळ दावा नीट वाचत नव्हता.

पैसा कोणत्या पेटीत ठेवला आहे?

अमेरिकेतल्या धनिकांबाबत हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण पैसा ज्या कायदेशीर रचनेत ठेवला जातो, तिच्यावरून बाहेरच्या माणसाला किती दिसेल हे ठरते.

पहिली रचना खासगी प्रतिष्ठानाची, म्हणजे बहुधा एकाच घराण्याच्या पैशावर चालणाऱ्या धर्मादाय संस्थेची. तिला दर वर्षी आपल्या गुंतवणुकीच्या साधारण पाच टक्के इतकी रक्कम धर्मादाय कामासाठी बाहेर काढावी लागते आणि ‘९९०-पीएफ’ नावाचे विवरणपत्र भरावे लागते. ते कोणालाही पाहता येते. त्यात प्रत्येक अनुदानाची रक्कम, ते मिळालेल्या संस्थेचे नाव आणि हेतू असतो, शिवाय प्रतिष्ठानाला पैसे देणाऱ्यांची नावेही असतात. पाच टक्क्यांच्या नियमाला एक पुस्ती जोडायला हवी: कार्यालयीन खर्चाचा वाजवी भागही त्या पाच टक्क्यांत धरता येतो.

दुसरी रचना डोनर-ॲडव्हाइज्ड फंडाची. यात दाता एखाद्या मोठ्या धर्मादाय संस्थेकडे खाते उघडतो, पैसे टाकतो, कर-सवलत त्याच वर्षी घेतो आणि ते पैसे कोणाला द्यायचे याचा सल्ला पुढे सवडीने देतो. खात्यातून अमुक वर्षांत पैसे बाहेर काढलेच पाहिजेत असे केंद्रीय कायद्यात बंधन नाही. संस्था सर्व खात्यांचा हिशेब एकत्र देते, त्यामुळे एकट्या दात्याच्या खात्यात काय आले आणि काय गेले हे बाहेरून दिसत नाही. खासगी प्रतिष्ठानाने अशा फंडात टाकलेली रक्कमसुद्धा पाच टक्क्यांच्या हिशेबात ‘वाटलेली’ धरली जाऊ शकते. माझ्या मते सगळ्या व्यवस्थेतले सर्वांत मोठे धुके याच वळणावर आहे.

तिसरी रचना साध्या कंपनीची, म्हणजे एलएलसीची. फेसबुकचे मार्क झकरबर्ग आणि त्यांच्या पत्नीची चॅन झकरबर्ग इनिशिएटिव्ह आणि लॉरीन पॉवेल जॉब्स यांची एमर्सन कलेक्टिव्ह ही तिची प्रसिद्ध उदाहरणे. एलएलसीत पैसे ठेवल्याने कर-सवलत मिळत नाही, पण अनुदानांची यादी जाहीर करण्याचे बंधनही येत नाही. जाहीर होते ते स्वेच्छेने.

चौथी रचना करकायद्यातल्या ‘५०१(सी)(४)’ या कलमाखालच्या संस्थेची. अशा संस्थेला राजकीय कामात बरीच मोकळीक असते, पण तिला दिलेल्या पैशावर दात्याला सवलत मिळत नाही. सप्टेंबर २०२२मध्ये पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीचे संस्थापक इव्हॉन शुइनार्ड यांच्या कुटुंबाने मताधिकार नसलेले ९८ टक्के शेअर होल्डफास्ट कलेक्टिव्ह या अशाच संस्थेला दिले आणि मताधिकाराचे दोन टक्के एका ट्रस्टकडे सोपवले. कंपनीची किंमत तेव्हा सुमारे तीन अब्ज डॉलर धरली गेली. ‘कंपनी देऊन टाकली’ हे मथळे बऱ्याच अंशी खरे होते, पण कंपनी चालवण्याची सूत्रे ज्या ट्रस्टकडे गेली, त्यावर कुटुंबाची देखरेख कायम राहिली. दुसरीकडे, ‘एक पैसाही कर न भरता’ हे सगळे झाले, हा आरोपही टिकत नाही, कारण ट्रस्टला दिलेल्या शेअरांवर कुटुंबाला सुमारे एक कोटी ७५ लाख डॉलर भेट-कर लागला. मात्र त्यांनी कंपनी विकली असती, तर भांडवली नफ्यावरचा कर याच्या कित्येक पट झाला असता, हेही तितकेच खरे.

नोंदी काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या संकेतस्थळावर अमेरिकी धर्मादाय संस्थांची विवरणपत्रे मोफत शोधता येतात. प्रतिष्ठानाचे ९९०-पीएफ उघडले की अनुदानांच्या यादीचे दोन भाग दिसतात: त्या वर्षी प्रत्यक्ष दिलेली अनुदाने आणि पुढे देण्यासाठी मंजूर केलेली अनुदाने. घाईत वाचणारे हे दोन आकडे एकत्र करतात, किंवा दुसऱ्यालाच पहिला समजतात. पाच वर्षांत हप्त्याहप्त्याने द्यायचे अनुदान पहिल्याच वर्षी ‘दिले’ म्हणून सांगितले जाते ते बहुधा असेच.

एवढ्यावर न थांबता दुसऱ्या टोकाकडूनही पडताळणी करावी. ज्या संस्थेला पैसे मिळाल्याचे सांगितले जाते, तिचे फॉर्म ९९० आणि लेखापरीक्षित हिशेब उघडावेत. सार्वजनिक धर्मादाय संस्थेच्या विवरणपत्रात देणगीदारांची नावे लोकांसाठी झाकलेली असतात, पण त्या वर्षी देणग्यांची एकूण रक्कम किती वाढली ते दिसते. दहा कोटी मिळाल्याची घोषणा आहे आणि संस्थेच्या एकूण देणग्या दोनच कोटींनी वाढल्या आहेत, असे असेल तर एक तर रक्कम हप्त्यांत येते आहे, नाही तर आणखी विचारपूस करायला जागा आहे.

‘नोंद सापडत नाही, म्हणजे दान झालेच नाही’ असे कोणी म्हणेल. हा निष्कर्ष घाईचा ठरेल. विवरणपत्र वर्ष संपल्यावर साडेचार महिन्यांनी भरायचे असते आणि त्याला आणखी सहा महिन्यांची मुदतवाढ मिळते. त्यामुळे जानेवारीत दिलेल्या अनुदानाची सार्वजनिक नोंद दिसायला पावणेदोन वर्षेही लागू शकतात. दान शेअरांच्या रूपाने झाले असेल तर आणखी एक खिडकी असते: मोठ्या भागधारकांना आणि संचालकांना असे हस्तांतर अमेरिकेच्या रोखे आयोगाला कळवावे लागते, आणि फेब्रुवारी २०२३पासून भेट दिलेल्या शेअरांची माहितीही दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावी लागते. मात्र त्या नोंदीत शेअर कोणाला गेले याचे नाव अनेकदा नसते.

एकच रक्कम दोनदा मोजली जाते तेव्हा

सप्टेंबर २०२१मध्ये बेझोस यांच्या निधीने निसर्गसंवर्धनासाठी एक अब्ज डॉलर जाहीर केले. त्याच महिन्यात त्यांचा निधी धरून नऊ देणगीदार संस्थांनी पाच अब्ज डॉलरचा संयुक्त संकल्प सोडला. नोव्हेंबरमध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत बेझोस यांच्याच निधीने निसर्ग आणि अन्नव्यवस्थेसाठी आणखी दोन अब्ज जाहीर केले. बातम्यांची कात्रणे एकाखाली एक लावून बेरीज केली तर आकडा फुगतो. प्रत्यक्षात बेझोस यांचा वाटा प्रत्येक वेळी २०२०च्या त्याच १० अब्जांतला होता. यात कोणी खोटे बोलले असे नाही. प्रत्येक पत्रक स्वतंत्रपणे खरे होते, चूक बेरजेत होती.

जमिनीच्या बाबतीत हा गोंधळ जास्त होतो. नॉर्थ फेस या कपड्यांच्या कंपनीचे सहसंस्थापक डग्लस टॉम्पकिन्स आणि त्यांच्या पत्नी क्रिस्टीन यांनी चिलीच्या दक्षिणेकडे वर्षानुवर्षे जमिनी विकत घेतल्या. डग्लस यांचे २०१५मध्ये कायाक उलटून निधन झाले. जानेवारी २०१८मध्ये क्रिस्टीन आणि राष्ट्राध्यक्ष मिशेल बाशले यांनी राष्ट्रीय उद्यानांच्या आदेशांवर शिक्कामोर्तब केले. ‘अमेरिकी दाम्पत्याने चिलीला एक कोटी एकर उद्याने दिली’ असे अनेक ठिकाणी छापून आले. दाम्पत्याच्या संस्थेने दिलेली जमीन सुमारे १० लाख एकर होती, बाकीची सुमारे ९० लाख एकर चिली सरकारची स्वतःचीच होती, जी सरकारने या करारात उद्यानांना जोडली. दहा लाख एकर खासगी जमीन एखाद्या देशाला देणे हीच इतकी अपूर्व गोष्ट आहे की तिला दहाने गुणण्याची खरे तर गरज नव्हती.

‘हे सगळे कर वाचवण्यासाठीच असते’

या आक्षेपाला आकडेमोडीने उत्तर देता येते. अमेरिकेत आयकराचा सर्वोच्च केंद्रीय दर ३७ टक्के आहे. १०० डॉलर रोख दान करणाऱ्याचा जास्तीत जास्त ३७ डॉलर केंद्रीय कर वाचत असे, आणि २०२६पासून सर्वोच्च गटासाठी हा लाभ ३५वर आणला आहे. म्हणजे खिशातून ६० डॉलरहून अधिक जातातच. शेअर दिले तर गणित दात्याला जास्त अनुकूल होते. दहा डॉलरला घेतलेला शेअर आज शंभरचा असेल आणि तो विकला, तर नफ्यावर सुमारे २१ डॉलर केंद्रीय कर जाऊन हातात ७९च्या आसपास उरतील. तोच शेअर दान केला तर भांडवली नफ्याचा कर लागत नाही आणि पूर्ण १०० डॉलरवर वजावट मिळते, म्हणजे ३५ ते ३७ डॉलर वाचतात. तरीही ७९ विरुद्ध ३७ असाच हिशेब उरतो. निव्वळ पैसे कमावण्यासाठी दान हा वाईट धंदा आहे.

हे गणित उलटते ते वस्तूची किंमत फुगवता येते तेव्हा, आणि पर्यावरणाच्या क्षेत्रात तशी एक जागा आहे. जमिनीचा मालक तिच्यावर कायमचे बांधकाम न करण्याचा करार एखाद्या संवर्धन संस्थेशी करू शकतो. त्यामुळे जमिनीची किंमत जितकी उतरली, तितके दान समजून वजावट मिळते. किती उतरली हे मूल्यांकनकार सांगतो. काही दलालांनी गुंतवणूकदारांचे गट जमवून, स्वस्तात घेतलेल्या जमिनीचे अवाच्या सवा मूल्यांकन करून, गुंतवलेल्या रकमेच्या कित्येक पट वजावटी वाटल्या. अमेरिकी करखात्याने २०१६च्या अखेरीस अशा व्यवहारांवर नोटीस काढली. डिसेंबर २०२२च्या कायद्याने गुंतवणुकीच्या अडीच पटींहून जास्त वजावट मागणारे बहुतेक सामूहिक व्यवहार बाद ठरवले. म्हणून रोख रक्कम किंवा बाजारात खरेदी-विक्री होणारे शेअर दिले असतील तर करचुकवेगिरीचा संशय फारसा टिकत नाही. मूल्यांकनावर अवलंबून असलेली वस्तू दिली असेल तर तो तपासण्याजोगा आहे.

‘पण त्यांची कंपनीच प्रदूषण करते’

करत असेल. ॲमेझॉनच्याच अहवालांनुसार तिचे कार्बन उत्सर्जन २०१९मधल्या सुमारे ५ कोटी ११ लाख टनांवरून २०२१मध्ये सुमारे ७ कोटी १५ लाख टनांवर गेले, म्हणजे संस्थापकाचे दान सुरू झाले त्याच काळात वाढले. हे विधान खरे आहे आणि महत्त्वाचेही. पण ते दानाच्या दाव्याचे खंडन नाही, तो वेगळा दावा आहे. दान खरे आणि उत्सर्जनातली वाढही खरी, असे एकाच वेळी असू शकते.

दाता निनावी असेल तर?

मग कागदपत्रे जवळजवळ मुकी होतात आणि पत्रकारितेवर अवलंबून राहावे लागते. सिएरा क्लब या अमेरिकेतल्या जुन्या पर्यावरण संघटनेला २०००-२००१च्या सुमारास एका अनामिक दात्याकडून १० कोटी डॉलरहून अधिक मिळाले. तो दाता म्हणजे कॅलिफोर्नियातले गुंतवणूकदार डेव्हिड गेल्बॉम, हे लॉस एंजलिस टाइम्सने ऑक्टोबर २००४मध्ये छापले. त्याच वृत्तांतात गेल्बॉम यांनी स्वतः सांगितले की १९९४ किंवा १९९५मध्ये त्यांनी संघटनेचे प्रमुख कार्ल पोप यांना बजावले होते: संघटनेने स्थलांतरविरोधी भूमिका घेतली तर आपल्याकडून एक डॉलरही मिळणार नाही.

यातून एक दावा जन्माला आला आणि तो आजही फिरतो: एका धनिकाने संघटनेची भूमिका विकत घेतली. त्यातले सिद्ध काय? दान झाले, आणि दात्याने अट घातली होती, हे दात्याच्या कबुलीने सिद्ध आहे. संचालक मंडळाने १९९६मध्ये स्थलांतराच्या प्रश्नावर तटस्थ राहण्याचे ठरवले, हेही नोंदलेले आहे. अटीमुळेच तसे ठरले, हे मात्र केवळ काळाच्या क्रमावरून सिद्ध होत नाही. विशेष म्हणजे १९९८मध्ये हा प्रश्न सदस्यांच्या मतदानाला गेला, तेव्हा सुमारे ६० टक्के मते तटस्थतेच्या बाजूने पडली, आणि त्या सदस्यांना गेल्बॉम यांची अट ठाऊक असण्याचे कारण नव्हते. प्रामाणिक वाक्य असे लिहावे लागेल: दात्याने अट घातली होती, संघटनेची भूमिका त्या अटीशी जुळणारी राहिली, अटीचा परिणाम किती झाला हे उपलब्ध पुराव्यावरून ठरवता येत नाही. असे वाक्य चटकदार नसते, म्हणून ते कोणी पुढे पाठवत नाही.

याच संघटनेने २००७ ते २०१० या काळात नैसर्गिक वायूच्या उद्योगाकडून, मुख्यतः चेसापीक एनर्जीशी संबंधित लोकांकडून, अडीच कोटी डॉलरहून अधिक घेतले आणि ते २०१२मध्ये उघड झाले. तेव्हा संघटना कोळशाविरुद्ध मोहीम चालवत होती आणि कोळसा मागे हटला तर वायूचा खप वाढणार होता. इथे दात्याचा आर्थिक स्वार्थ सरळ दिसतो, त्यामुळे संशयाचे वजनही वेगळे आहे.

शेवटचा टप्पा: काम झाले का?

बेझोस यांच्या निधीने एन्व्हायर्नमेंटल डिफेन्स फंड या पर्यावरण संस्थेला दिलेल्या १० कोटी डॉलरच्या अनुदानातून मिथेन वायूची गळती अवकाशातून मोजणाऱ्या मिथेनसॅट या उपग्रहाला मोठा हातभार लागला. घोषणा, वाटप, खर्च या सगळ्यांच्या नोंदी आहेत. उपग्रह मार्च २०२४मध्ये खरोखरच अवकाशात गेला आणि जून २०२५मध्ये त्याच्याशी संपर्क तुटला. त्याने त्या काळात मोजमापे पाठवली, पण अपेक्षित आयुष्याच्या फार आधी तो बंद पडला. म्हणजे पैसे खरे, काम खरे आणि फळ अर्धवट. यात दात्याची लबाडी शोधणे जसे चूक, तसेच ‘१० कोटींनी मिथेनचा प्रश्न सोडवला’ असे म्हणणेही चूक.

जमिनीबाबत ‘संरक्षित’ असा दावा आला की त्यापुढे तारीख मागावी. गेल्बॉम यांच्याच पैशाच्या आधारावर वाइल्डलँड्स कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने १९९९नंतरच्या काही वर्षांत कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटातली जुन्या रेल्वे कंपनीची सुमारे सहा लाख एकर जमीन खरेदी करून केंद्र सरकारकडे सोपवली. खासगी देणग्यांतून चार कोटी डॉलरहून अधिक आले, उरलेले सरकारी निधीतून. हस्तांतराची कागदपत्रे पक्की होती. तरीही काही वर्षांतच, या जमिनींच्या काही भागावर सौर आणि पवनऊर्जा प्रकल्पांसाठी कंपन्यांचे अर्ज आले, कारण जमीन सरकारला देणे आणि तिच्यावर बांधकामाला कायद्याने बंदी असणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. त्यातल्या बऱ्याच जमिनीला संरक्षणाचा दर्जा मिळाला तो फेब्रुवारी २०१६मध्ये, बराक ओबामा यांनी मोहावी ट्रेल्स हे राष्ट्रीय स्मारक, म्हणजे एक प्रकारचे संरक्षित क्षेत्र, घोषित केले तेव्हा. आणि राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने मिळालेला दर्जाही बदलू शकतो: युटातल्या बेअर्स इअर्स स्मारकाचे क्षेत्र २०१७मध्ये पुढच्या राष्ट्राध्यक्षांनी मोठ्या प्रमाणात घटवले आणि २०२१मध्ये त्यांच्यानंतरच्यांनी ते पूर्ववत केले. त्यामुळे ‘अमुक यांच्या दानाने इतके एकर कायमचे वाचले’ असे वाचले, तर दात्याच्या धनादेशाइतकेच त्या जमिनीवर आज कोणता कायदा लागू आहे आणि तो कोणाला बदलता येतो, हेही पाहावे लागते.